तिसरं सिलिंडर

मीटरला आकडे पाचच, म्हणून ती तीनदा शून्यापासून जन्मली.
आत्ता दाखवते बारा हजार चारशे आठ.
नवख्याला वाटावं, अजून कोवळीच आहे.

ओविदिओ आन्तिलेओ फसत नाही.
त्रेलेउमधल्या त्याच्या शेडमध्ये
जुलैची थंडी पत्र्याच्या फटीतून शिरते.
इंजिन गरम असतानाच तो तेलाचा बोल्ट सोडवतो
आणि काळी धार ट्रेमध्ये पडून संपेपर्यंत
एक शब्द बोलत नाही.
मग बोल्टच्या टोकाचं चुंबक पुसून
त्यावरचा गाळ बोटांत चोळतो,
चाळलेल्या पिठात कणी राहिली का बघावी तसा.
राखाडी लगदा. चकाकी नाही.
"रोजची झीज आहे, दोन्या नेलिदा. हिच्यावर रागावू नये."

माझं बोट कापलं तर आठवड्यात भरून येतं.
हिची झीज भरून निघत नाही,
तेलात उतरते फक्त,
आणि ते तेल मी दर पाच हजाराला
डब्यात ओतून कुणाच्या तरी हवाली करते.
किती गेली असेल अशी, सव्वीस वर्षांत?
मूठभर? दोन मुठी?

सोळा व्हॉल्व्ह. तो एकेकाच्या फटीत पाती सरकवतो.
मी म्हटलं, डावीकडे टकटक वाढलीय.
"टकटकतोय तो ठीक आहे," म्हणाला.
"हा बघ, उजवीकडचा, गप्प झालेला.
फट मिटत चाललीय. पूर्ण बसत नाही,
आणि आवाज न करता जळतो."

मला गान गानच्या शाळेतली रायेन आठवली.
फळा दिसत नाही म्हणून कुरकुरणारी पोरं
मी पहिल्या तासात शोधून काढते.
ती मागच्या बाकावर गप्प होती, दोन वर्षं.
तिला वाटायचं, डोंगर सगळ्यांनाच असे
कडा नसलेले दिसतात.
माझ्या डाव्या पेटीत भिंगं, उजव्या पेटीत फ्रेमा,
आणि दोन्ही वेळा मी तिला तपासलंच नव्हतं.

मग दाब मोजला.
एकशे सत्तर. एकशे अडुसष्ट.
तिसऱ्याला काटा एकशे अठरावर थांबला.
चौथं ठीक.
ओविदिओनं चमचाभर तेल तिसऱ्यात सोडलं, पुन्हा फिरवलं.
काटा चढला.
"रिंगा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

सांगितलं मग.
गास्त्रेच्या खडीवर हवेचा फिल्टर फाटला होता.
सहा वर्षं झाली. मागे वळले असते तर
शाळा बंद होऊन सुट्टी लागली असती.
दोनशे किलोमीटर तशीच हाकली, धूळ पीत.
संध्याकाळी चष्मे वाटले, मटण खाल्लं, झोपले.
ती दुपार तिथंच राहिली होती,
तिसऱ्याच्या भिंतीवर उभ्या ओरखड्यांत.

"उघडू?"
मी विचारलं, तू काय करशील?
त्यानं हात पुसले, खूप वेळ पुसले.
झिजल्या भिंतीत नवी रिंग सहज बसत नाही.
करायचं तर सगळंच करावं लागेल,
आणि सगळ्याचे पैसे ऐकून
आम्ही दोघंही हसलो.
"गप्प झालेला तेवढा व्हॉल्व्ह लावून देतो.
बाकीच्याला तेल पाज.
आणि थंडीत पहिले दहा किलोमीटर
तीन हजारांच्या वर नेऊ नकोस.
तू नेतेस. मला ऐकू येतं इथवर."

सोमवारी निघाले.
फ्रेमांच्या पेटीत, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून, एक लिटर तेल.
पश्चिमेचा वारा नेहमीसारखा अंगावर.
तेल्सेनला थांबून तेलाची काच बघायला वाकले
तर मला रेघच दिसेना.
खिशातून माझा चष्मा काढला, पुसला, लावला.
दोन रेघांच्या मध्ये. खालच्या रेघेकडे जरा जास्त.
चालेल.